दहा लिटरला तीनशे ग्रॅम

मी लग्न होऊन या घरात आले त्याच्या कितीतरी आधीपासून पतिराम मडावी इथे होता. आमच्या कामठ्याच्या शेतात धानाच्या कोणत्या बांधीत, म्हणजे खाचरात, किती पाणी ठेवायचं, कोणत्या बांधाचा धुरा फोडायचा आणि कधी बुजवायचा, हे तीस वर्षं त्यानेच ठरवलं. सातबाऱ्यावर नाव सासऱ्यांचं, पाण्यावर राज्य पतिरामचं. माणूस सोन्यासारखा, पण हेकट. कोणाला काही विचारायचं म्हणजे त्याच्या जिवावर येई. मीही काही गरीब गाय नाही, त्यामुळे दिवसातून एकदा तरी आमचं वाजायचंच.

२०१३च्या उन्हाळ्यात माझ्या धाकट्या दिराने, खुमेंद्रने, घरामागे पोहायचा तलाव बांधला. गावाने तोंडावर पदर घेऊन हसून घेतलं. पण त्यात शौक नव्हता. सासूबाईंचे, म्हणजे दुलारीबाईंचे, दोन्ही गुडघे बदलले होते आणि डॉक्टरांनी त्यांना कंबरभर पाण्यात चालायला सांगितलं होतं. दोन वर्षं त्या खुर्चीतून खाटेवर आणि खाटेवरून खुर्चीत. पुण्यात इंजिनिअर असलेल्या लेकाला आईसाठी काय करू नि काय नको असं झालं होतं. त्याने वीस हजार लिटरचा तलाव केला, आत निळी फरशी, उतरायला तीन पायऱ्या, आणि सोबत मिठाच्या पाण्यातूनच क्लोरीन तयार करणारं एक यंत्र.

हे सगळं सांभाळायला गोंदियाहून शिकलेला माणूस ठेवू, असं खुमेंद्रचं म्हणणं. सासूबाई म्हणाल्या, या घरचं पाणी पतिराम पाहतो. बरीच ओढाताण होऊन ठरलं की पंधरा दिवस पतिरामने पाहायचं. पंधराव्या दिवशी खुमेंद्र नागपूरच्या मेकॅनिकला घेऊन येणार, आणि पाणी किंवा यंत्र बिघडलेलं दिसलं तर तलाव दुसऱ्या माणसाच्या हाती जाणार. पतिराम वरवर हसला. पण साठीला टेकलेल्या माणसाची त्याच्याच अंगणात परीक्षा घ्यायची, हे त्याला फार लागलं होतं.

विहिरीच्या पाण्याने तलाव भरला. मीठ किती टाकायचं ते पुस्तकात लिहिलंय, असं खुमेंद्रने फोनवर सांगितलं होतं. पुस्तक इंग्रजी, आणि होतं माझ्या कपाटात. मी तेव्हा चार दिवस माहेरी दवनीवाड्याला. फोन करून विचारायला तोंडाला कुलूप लावलं होतं का? पण नाही. पाण्यात मीठ किती टाकायचं हे पतिरामला लहानपणापासून ठाऊक होतं. आमच्याकडे पेरणीआधी धानाचं बियाणं मिठाच्या पाण्यात टाकतात. पोचट दाणे वर तरंगतात, भरलेले तळाशी बसतात. त्याचं माप ठरलेलं, दहा लिटरला तीनशे ग्रॅम. पतिरामने कोळशाने भिंतीवर हिशेब मांडला आणि वीस हजार लिटरला सहा क्विंटल मीठ काढलं. गणित एकदम बरोबर होतं. ट्रॅक्टरने बारा पोती आणली, ओतली, बांबूने ढवळली आणि बटण दाबलं.

यंत्राने लाल दिवा लावला आणि ते बंद पडलं.

मी परत आले, पुस्तक उघडलं आणि डोक्याला हात लावला. लागत होतं सत्तर किलो. मी पतिरामला सांगितलं, तो पायरीवर बसला. मी चांगली अर्धा तास बोलले. तो एका शब्दाने उलटला नाही, तेव्हा मलाच रडू आलं. पंधरातले आठ दिवस उरले होते.

खुमेंद्रला फोन लावला. उपाय सोपा आहे, तो म्हणाला. तळाची झडप उघडा, पाणी मागच्या बांधीत सोडा, नवं भरा. फोन स्पीकरवर होता आणि मागच्याच बांधीत त्या आठवड्यात पऱ्हे, धानाच्या रोपांचं बी, टाकायचे होते. तिथलं पाणी पुढे नाल्याला आणि नाला गावाच्या तळ्याला, बोडीला मिळतो. पतिराम उठून उभा राहिला.

"वैनी, बाबूले सांगा, हे पाणी मी बांधीत नाही सोडत. काम जाईन त जाईन."

तिकडून फोन बंद झाला.

दिवसभर पतिराम काठावर बसून त्या पाण्याकडे पाहत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने मूठभर धान आणून तलावात टाकलं. चार पोचट दाणे वर आले, बाकीचे टाइल्सवर जाऊन बसले. तो माझ्याकडे वळला, आणि गेल्या दोन दिवसांत पहिल्यांदा त्याचा चेहरा उजळला. बियाण्याचं पाणी बियाण्यालाच द्यायचं, एवढी साधी गोष्ट! घरोघरी लोक मीठ विकत आणून हेच पाणी बनवणार होते. इथे ते तयार होतं आणि क्लोरीनचा थेंबही त्यात पडला नव्हता.

तो सायकल काढून गावभर फिरला. दुपारपासून लोक यायला लागले ते तीन दिवस येतच राहिले. बैलबंडीवर ड्रम, सायकलला कॅन, डोक्यावर घागरी. ज्या बायांनी आमच्या घराचा मागचा दरवाजा कधी ओलांडला नव्हता त्या काठावर पाय सोडून बसल्या. जमुनाबाई म्हणून आमची म्हातारी शेजारीण, ती ओंजळीत पाणी घेऊन निरखत राहिली. मघाशी निळं दिसत होतं ते कुठे गेलं, म्हणून तिने मलाच झापलं. मी चहाची चार पातेली केली. सासूबाईंनी खुर्ची काठाशी आणायला लावली आणि दोन वर्षांत बोलल्या नसतील एवढं त्या तीन दिवसांत बोलल्या. पतिराम प्रत्येकाला बजावत होता की बियाणं काढल्यावर साध्या पाण्याने दोनदा धुवा, आणि उरलेलं खारं पाणी शेतात नको, दारच्या गिट्टीवर ओता. संध्याकाळी तो घरोघरी जाऊन पाहूनही यायचा. लोक वैतागायचे, पण ऐकायचे. तळाला राहिलेलं हातभर पाणी त्याने ट्रॅक्टरवरच्या टाकीत भरून टेकडीच्या खडकावर नेऊन टाकलं.

तलाव घासून परत भरला. या वेळी पुस्तक घेऊन मी काठावर आणि तराजू घेऊन तो. दिवा हिरवा झाला. मग रोज सकाळी जाळीने कडुनिंबाचा पाला काढायचा, गाळणीची टोपली रिकामी करायची, भिंतींना ब्रश मारायचा, कागदाची पट्टी पाण्यात बुडवून रंग डबीवरच्या रंगांशी ताडून पाहायचा. रंग जुळला की तो मला हाक मारून दाखवायचा. विचारायला शिकला होता, एवढं त्या सहा क्विंटल मिठाने केलं.

पंधराव्या दिवशी खुमेंद्र आला. नागपूरच्या मेकॅनिकने पाणी तपासलं, यंत्र उघडून पाहिलं आणि मान हलवली, सगळं ठीक होतं. खुमेंद्र मात्र घुश्शातच होता.

"पतिरामभाऊ, मी सांगितलं होतं पाणी सोडून द्या. माझं काऊन नाही ऐकलं?"

पतिराम हात जोडून उभा होता, पण आवाज खाली नव्हता.

"बाबू, मीठ टाकाले चुकलो मी. पण पाणी सोडणाऱ्यानं ते कोठी जाते हे पायलं पायजे. तुमच्या बाबूजीनं मले तेवढंच काम देलं होतं."

खुमेंद्रने मागच्या बांधीकडे पाहिलं. तिथे पऱ्हे बोटभर उगवले होते. मग तो मेकॅनिकला म्हणाला, "भैया, मशीन की सफाई इनको सिखा दो. पूल यही देखेंगे."

पतिरामने तोंड फिरवलं, जाळी उचलली आणि स्वच्छ पाण्यातून नसलेला पाला काढायला लागला. मला त्या क्षणी तो इतका आवडला की काय सांगू.

सासूबाईंना पाण्यात उतरवायला खुमेंद्र पुढे झाला. त्यांनी त्याचा हात बाजूला केला आणि म्हणाल्या, "पतिराम, तू उतर आधी."

इतके दिवस घासलेल्या त्या तलावात तो कधी कोपरापलीकडे भिजला नव्हता. मालकाच्या पाण्यात पाय कसा टाकायचा, म्हणून घुटमळला. सासूबाईंनी पायरीकडे बोट दाखवलं. शेवटी तो धोतर खोचून तीन पायऱ्या उतरला आणि त्याने हात पुढे केला. त्या उतरल्या. एक पाऊल, दुसरं, तिसरं. अर्ध्यावर त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "आता सोड."

त्याने सोडला. आमच्या सासूबाई पलीकडच्या काठापर्यंत एकट्या चालत गेल्या, आणि तो कंबरभर पाण्यात उभा राहून लहान पोरासारखा रडत होता.