नमुना प्रतीची चोरी

ती केस अजून माझ्या डोक्यातून गेलेली नाही. खून नव्हता, दरोडा नव्हता. सोलापूरच्या पूर्व भागात, यंत्रमागांच्या खडखडाटात आमचं पोलीस ठाणं होतं. मी तिथे सहायक फौजदार होते. शिक्षण सातवीपर्यंत, भरती शिपाई म्हणून. तो खडखडाट आता पुष्कळ कमी झालाय म्हणतात. निवृत्त होऊन मंगळवेढ्यात घरी बसल्यावर मला त्याचीच आठवण येते. बाकी नोकरीचं फार गोड करून सांगण्यासारखं काही नाही.

सकाळची हजेरी झाली आणि एक तरुण तक्रारी अर्ज घेऊन आला. पुण्याची नोकरी सोडून आलेला. चादरीची डिझाइनं काढायचं सॉफ्टवेअर त्याने बनवलं होतं, विंडोजऐवजी लिनक्सवर चालणारं. एक महिना फुकट वापरून बघा, मग विकत घ्या, असा त्याचा धंदा. त्याचं म्हणणं, महिना संपला की सॉफ्टवेअर बंद पाडणारं कुलूप तोडून कुणीतरी ते फुकटच वापरतंय, असं बाजारात कानावर आलंय.

वरिष्ठ निरीक्षक साहेबांनी मला आत बोलावलं. "बाई, हे लिनक्स काय असतं?"

"साहेब, मला विचारताय?"

ते हसले आणि अर्ज चौकशीला माझ्याच गळ्यात घातला.

दोन दिवसांत ठाण्याच्या फोनवर खबर आली. बोलणाऱ्याने नाव सांगितलं नाही, पण गल्ली आणि घर बरोबर सांगितलं. खबर देणारा बहुतेक वेळा त्याच धंद्यातला असतो, हे मी तोवर पुरेपूर ओळखून होते. पण जळफळाटातून दिलेली खबरही खरी असू शकते. म्हणून गेले.

घरात साठीचा माणूस निघाला. तेलुगू बोलणारं विणकराचं घर. चादरीची डिझाइनं काढण्यात त्याचा जन्म गेलेला. आधी चौकटीच्या कागदावर काढायचा. नजर अधू झाली, बारीक चौकटी दिसेनात, तेव्हा कॉम्प्युटरवर मोठं करून काढायला शिकला. म्हणजे तो कॉम्प्युटर जप्त झाला की त्याचं काम संपलं. हे त्याच्या बायकोला माझी वर्दी बघताच कळलं. तिने दारातच विचारलं, "पेटी नेणार का अक्का?"

ठाण्यात आणून साहेबांसमोर बसवलं. अर्जदारही होता.

साहेबांनी आवाज चढवला. "कुलूप कसं तोडलंस?"

"कुठलं कुलूप सायेब? आमच्या दाराला नुसती कडी हाय."

"सॉफ्टवेअरचं कुलूप! एका महिन्याचं वर्षभर वापरतोस. नमुना आहेस तू एक."

"व्हय सायेब, नमुनाच की! तितं लिवलंय, नमुना प्रत. आमच्यात नमुना दिला की दिला. व्यापाऱ्याला चादरीचा नमुना दिल्यावर परत मागायला कोण जातंय?"

"आणि महिन्याची मुदत?"

"तीबी दिसती की. रोज सकाळी 'तीस दिवस शिल्लक' म्हणतंय. मी म्हटलं, देणारा लई मोठ्या मनाचा हाय."

साहेबांना ती थट्टा वाटली. मला वाटली नाही. खोटं बोलणारा माणूस स्वतःला इतका भोळा दाखवत नाही, त्याला थोडीतरी हुशारी मिरवायची असते. मी साहेबांना म्हटलं, मशीन जागेवर चालू करून बघू, मग गुन्ह्याचं ठरवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या घरी गेलो. मी, अर्जदार आणि दोन पंच. म्हाताऱ्याने खिशातून पेन ड्राइव्ह काढून मशीनला लावला. आतली डिस्क केव्हाच मेलेली. दुरुस्तीवाल्याने लिनक्स त्या पेन ड्राइव्हवर घालून दिलं होतं. सुरू केलं की नवं कोरं, बंद केलं की कालचं सगळं विसरलं. सॉफ्टवेअर आणि डिझाइनं दुसऱ्या पेन ड्राइव्हवर. ते उघडलं. पडद्यावर आलं: नमुना प्रत, तीस दिवस शिल्लक.

अर्जदाराने कपाळावर हात मारला. "मॅडम, यांनी काही तोडलेलं नाही. वापर सुरू झाल्याची खूण माझं सॉफ्टवेअर मशीनमध्ये लपवून ठेवतं. यांचं मशीन रोज संध्याकाळी ती खूण विसरतं."

"मग नीट लपवायची होती."

"लिनक्सवर कुठं लपवू? मालकाला सगळं उघडून बघता येतं, पुसता येतं. नेटवरून रोज परवानगी मागावी, तर यांच्याकडे नेट नाही. लिनक्सही एका तऱ्हेचं नाही. एका मशीनवर चालतं ते दुसऱ्यावर अडतं. आधी चालवून बघायला दिलं नाही तर घेणार कोण?"

म्हाताऱ्याने मशीन बंद केलं आणि सॉफ्टवेअरचा पेन ड्राइव्ह काढून अर्जदाराच्या हातावर ठेवला. "घे बाबा. मी चोर न्हाय."

"मामा, तसं नाही म्हणत मी."

"लिवून दिलंस की ठाण्यात! आणि नमुना कशाला म्हणतोस रे? उसनं म्हण. शेजारणीकडनं उसनं आणलेलं पीठ आमी ठेवून घेत न्हाय."

पंच हसले, मला मात्र हसू आलं नाही. पोराने तिथेच अर्ज मागे घेत असल्याचा जबाब दिला. साहेब कुरकुरले, पण अर्ज दप्तरी दाखल झाला, म्हणजे प्रकरण मिटलं. पुढे पोराने पडद्यावरचा शब्द बदलून पेन ड्राइव्ह म्हाताऱ्याला परत दिला: उसनी प्रत. म्हाताऱ्याचं मशीन तरी रोज तीस दिवसच दाखवत राहिलं. महिना भरत आला तसा तो आपणहून त्या पोराकडे गेला आणि पूर्ण प्रत विकत घेऊन आला.

कुलपाने हे झालं नसतं, फौजदारीनेही नाही. गुन्हा नोंदवला असता तर त्याचा कॉम्प्युटर आमच्या मुद्देमालाच्या खोलीत धूळ खात पडला असता आणि गल्लीत त्याला चोर म्हणाले असते, निकाल काहीही लागो. माणसाने काय केलं हे विचारण्याआधी त्याला काय सांगितलं होतं ते विचारावं, एवढं मी तिथे शिकले. नोकरीत पुष्कळांना बेड्या घातल्या, त्यांची तोंडं आता आठवत नाहीत. ज्याला ठाण्यातून मोकळ्या हाताने घरी पाठवलं, तो म्हातारा तेवढा आठवतो.