पत्रा कुणी धरला?

आमच्या घरात लिंबू फक्त पोह्यांवर पिळलं जातं. दारावर काळी बाहुली नाही, गाडीला दोरा नाही, अमावास्येचा प्रवास बिनधास्त. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचून काहीजण म्हणतील, याचं डोकं पहिल्यापासूनच असल्या गोष्टींत असणार. अजिबात नव्हतं. आजही नाही. फक्त एक दुपार आहे, तिचं काय करायचं ते मला कळत नाही...

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही बारामतीजवळ माळेगाव बुद्रुकला राहायचो. मी एका वर्कशॉपमध्ये फॅब्रिकेशनचं काम करायचो. घराणं मूळचं मेंढरांमागं फिरणारं. वडिलांनी – आम्ही त्यांना आबा म्हणायचो – शेती धरली, पण त्यांचे थोरले भाऊ, तात्या, मेंढरांबरोबरच राहिले. आबा शेळ्यांना पाला काढताना बाभळीवरून पडले आणि कमरेखालचं सगळं गेलं. माणूस महामानी. त्यानंतर घराबाहेर म्हणून पडले नाहीत. कुणी उचलायला गेलं की खेकसायचे, "मी काय पोतं हाय व्हय रं? ठेव खाली!"

त्या साली दिवाळीनंतर तात्यांची मेंढरं डाळज गावाजवळ एका रानात बसली होती. तिथून ती कोकणात उतरणार आणि पार पावसाळ्याच्या तोंडाला परत येणार. तात्या थकले होते. त्यांचा निरोप आला, "एकदा भेटून जा. म्होरल्या साली मी असंन, नसंन." आबांचं उत्तर एकच – "जाईन. पण मला कुणी उचलायचं न्हाय."

आता आली का पंचाईत! डांबरी सोडली की पुढं सगळी काळी रानं, नुकतीच पाणी दिलेली. माझ्याकडे लष्कराच्या लिलावातली, चिखलातही चालणारी जुनी फोर-व्हील ड्राइव्ह जीप होती. ती अंगणात घेतली आणि मागची बाजू सरळ कापून काढली. छत उंच केलं, म्हणजे आबा चाकाच्या खुर्चीत बसल्या बसल्या आत मावतील. दोन्ही बाजूंना पाइप जोडले, धरून स्वतःला वर ओढायला. आणि मागं एकच लांब, जाड पत्रा – बंद केला की दरवाजा, सोडला की जमिनीपर्यंत उतार. कामावरून आलो की हेच चालायचं. शेजारी विचारायचे, "काय रं, रणगाडा करतोस का?"

मदतीला माझा मित्र सलीम. त्याचं बारामतीत हार्डवेअरचं दुकान. वेल्डिंगचं मशीनही त्यानंच कुठून तरी आणून दिलं होतं.

बाकी सगळं झालं, राहिला फक्त तो पत्रा. तात्या दुसऱ्या दिवशी सकाळी निघणार होते. आणि नेमकी लाईट गेलेली! सकाळपासून मी आणि सलीम जीपपाशी शिव्या घालत बसलेलो. पत्रा विटांवर उभा करून जीपला टेकवून ठेवला होता. दुपारी आतून सुमन, माझी बायको, ओरडली, "आली वो लाईट!"

मी उडी मारूनच उठलो. वेल्डिंग करताना एका हातात रॉडचा होल्डर, दुसऱ्या हातात तोंडापुढं धरायची काळी काच. तिसरा हात कुठून आणणार? म्हणून पत्रा धरायला माणूस लागतोच. सलीम पत्र्याच्या पलीकडं विडी ओढत बसलाय असं समजून मी खाली वाकलो आणि ओरडलो, "पत्रा धर! घट्ट धर!"

झुकलेला पत्रा सरळ झाला.

त्या काचेतून ठिणगी पडेपर्यंत नुसता काळोख असतो. ठिणगी पडली की वीतभर जागा दिसते. त्या वीतभर जागेत, पत्र्याच्या कडेला, मला बोटं दिसली. उघडी. मी वैतागलो, "हातमोजं घाल की येड्या!" बोटं हलली नाहीत. डाव्या अंगठ्याला नख नव्हतं. ते मी पाहिलं... पण हात थांबवला नाही. लाईटचा भरवसा नव्हता. सगळ्या बिजागऱ्या पक्क्या केल्या आणि काच खाली घेतली.

पलीकडं कुणी नव्हतं.

सलीम फाटकातून आत येत होता, हातात वेल्डिंगच्या रॉडचा पुडा. म्हणाला, "आली व्हय लाईट? संपत आलं हुतं म्हणून रॉड आणाय गेलतो."

तेवढ्यात घरातून आबांचा आवाज आला – "सोडू का रं आता?"

सुमन दारात आली. चेहरा पार उतरलेला. "अवो, मामंजींना बघा की. मगापासनं दोनी हात वर धरून बसल्यात. घाम फुटलाय. खाली घ्या म्हणलं तर म्हणत्यात, थांब, पोराचा पत्रा पडंल."

मी आत गेलो. आबांचे हात अजून तसेच होते. मी "सोडा" म्हणालो, तेव्हा त्यांनी ते मांडीवर टाकले. बोटांवर बारीक काळे चटके होते, वेल्डिंगच्या ठिणग्यांनी पडतात तसे. आणि डाव्या अंगठ्याचं नख... ते तर पोरवयात मेंढरांची लोकर कातरताना कधीचंच गेलेलं. घाबरलो होतो, खोटं कशाला बोलू?

लाईट थोड्या वेळानं परत गेली, ती रात्रीपर्यंत आलीच नाही.

सलीमचं म्हणणं, आबांनी माझं ओरडणं ऐकलं आणि झोपेच्या गुंगीत हात वर केले. बरं, मानलं. चटके? "चुलीचं असतील." आबा चुलीपाशी जातच नव्हते! आणि विटांवरचा पत्रा सरळ कुणी केला? यावर सलीम म्हणाला, "जाऊ दे ना भावा, काम झालं न्हवं?"

दुसऱ्या दिवशी पहाटेच निघालो. डाळजच्या रानात जीप मेंढरांपर्यंत नेली आणि पत्रा खाली सोडला. आबा पाइप धरून, खुर्ची सावरत, स्वतः उतरले. तात्या काठी टेकत आले. दोघं भाऊ गळ्यात पडून रडले. तात्यांनी एक कोकरू आणून आबांच्या मांडीवर ठेवलं. मी जीपच्या आडोशाला जाऊन रडून घेतलं.

तात्या कोकणातून परत आले नाहीत. तिकडंच गेले. निरोप आला तेव्हा आबांनी खुर्ची दाराशी नेली आणि जीपकडं बघितलं. मग म्हणाले, "बरं झालं, पत्रा धरला."

तोवर मी हा विषय काढला नव्हता. भीतीच वाटायची. त्या दिवशी विचारलं, "आबा, खरंच तुमी धरला हुता?"

ते माझ्यावर चिडलेच. "मग? तूच वरडलास न्हवं, घट्ट धर म्हणून?"

आबाही आता नाहीत. मी हाक सलीमला मारली होती. याच्यापुढं मला काही सांगता येत नाही.