पोलादी टोपीचे बूट

देवाच्या कृपेबद्दल लिहावं एवढा माझा अधिकार नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. लिहिण्याची सवयही नाही. चुकलं तर मोठ्या मनानं माफ करावं.

आम्ही आळंदीजवळच्या कुरुळीत राहतो. भूगोल विभागाची सहल हिमाचलात हिमनदी पाहायला निघाली, तेव्हा वडिलांनी कंपनीतले आपले सेफ्टी शूज माझ्यापुढे ठेवले. जड, बोटांवर पोलादी टोपी असलेले. "घाल रं. डोंगराला असलंच बूट लागत्यात. माझ्याकडं दुसरा जोड हाय." त्याहून मजबूत बूट आम्हा दोघांनाही माहीत नव्हते. गाडीत मित्र हसले, "काय भावा, बर्फात फर्स्ट शिफ्ट लागली का?" मीही हसलो.

डोंगर चढण्याआधी आईचा फोन आला. "तुझं वडील लई लबाड. दुसरा जोड कसला! जुनं फाटकं बूट घालून जात्यात. त्याची टोपी कवाच निघालीया." वडील कंपनीत पत्रा दाबणाऱ्या प्रेस मशीनवर काम करतात. तिथे हातातून निसटलेला जॉब, म्हणजे घडवायचा जड लोखंडी तुकडा, थेट पायावर येतो. मी काही बोलण्याआधीच रेंज गेली, ती चार दिवसांसाठी.

एरवी एकादशीला मी वडिलांबरोबर आळंदीला जातो, तेही त्यांचं मन राखायला. आता मात्र सारखं माउलीचं नाव घेत होतो, आणि त्यात भक्तीपेक्षा भीती जास्त होती. 'त्यांचे पाय सांभाळ', एवढंच मागणं. तिसऱ्या दिवशी आमच्या भूगोलाच्या मॅडम हिमनदीनं वाहून आणलेले दगडांचे ढीग दाखवत होत्या. माझी बोटं सकाळपासून बधिर होती. लाजेनं बोललो नाही. मागे पडलो, धुकं उतरलं, आणि पाऊल उचलेना. एका दगडावर बसून राहिलो. हाक मारायचंही सुचलं नाही.

धुक्यातून एक म्हातारा मेंढपाळ आला. काही न विचारता त्यानं माझे बूट काढले, टोपीवर नखानं टकटक केलं. "बेटा, लोहा ठंड पकड़ता है. किसने पहनाए?"

"पिताजी ने," म्हणालो आणि मला रडू फुटलं.

त्यानं माझे उघडे पाय आपल्या लोकरी अंगरख्यात घेऊन पोटाशी धरले. बराच वेळ. बोटांत कळ आली तेव्हा तो हसला. मला तळावर पोचवून, चहालाही न थांबता मेंढ्यांकडे परतला. नाव विचारायचं राहूनच गेलं.

मी वडिलांच्या पायांसाठी मागत होतो, आणि कुणीतरी माझे पाय पोटाशी धरले होते. त्यानंतर मागणं थांबलं. 'तूच बघ', एवढंच म्हटलं. आपला हात पोचत नाही तिथे दुसऱ्या कुणाचा तरी पोचतो, हे तेव्हा कळलं. अजूनही मला तेवढंच कळतं.

पाचव्या दिवशी खाली उतरलो, रेंज आली. आई म्हणाली, "परवा जॉब पडला रं त्यांच्या पायावर." "आणि बोटं?" मी ओरडलो. "आरं, ऐक की! त्याच सकाळी लायनीवरच्या नव्या सायबानं फाटकं बूट बघितलं. आपला जोड काढून दिला, आन् सोता चपलंवर आफिसात बसला. टोपी पार चेपली, पर बोटं शाबूत हायती. हितंच बसल्यात. इचारत्यात, पोराला बूट चावलं न्हाईत न्हवं?"