परक्याची पाणसळ

दार आपोआप उघडलं. कुणी हात लावला नव्हता, खिडक्या बंद होत्या, वारा म्हणाल तर नावाला नाही. तरी ते नवंकोरं दार सावकाश, पाहुण्याला ‘या’ म्हणावं तसं उघडलं आणि भिंतीला टेकून थांबलं.

वहिनी स्क्रूचा डबा हातात धरून तशीच उभी राहिली. मुकादमानं दार लावलं, हात सोडला. दार परत उघडलं.

“दातांचा दवाखाना होणार इथं,” मुकादम म्हणाला. “आ पेशंटनं करायचा असतो वहिनी, दारानं नाही.”

पलीकडे बोर्ड कापणारे दोघं फिसकन हसले. मुकादम हसला नाही. त्यानं खिशातून ओळंबा काढला, शिडीच्या घोडीवर चढला आणि दोरी छताजवळ भिंतीला टेकवून धरली. वर भिंतीला चिकटलेली दोरी खाली पितळी लंबकाशी येईतो भिंतीपासून सुटून लोंबत होती. त्यानं टेप लावून मोजलं. चार सूत. म्हणजे अर्धा इंच. घरात अर्धा इंच कुणाच्या खिजगणतीत नसतो. या धंद्यात अर्ध्या इंचात माणसाची अब्रू जाते.

“तुम्ही ओळंब्याच्या घरच्या,” तो खाली उतरत म्हणाला, “म्हणून भिंत दिली तुम्हाला. सोमवारी दहाला डॉक्टरबाई बघायला येणार. तोवर ही सरळ झाली तर झाली. नाहीतर हत्यारांचा पट्टा उतरवा आणि घर सांभाळा. मी दुसऱ्यांदा तोंडघशी पडणार नाही.”

तो शनिवार होता. वहिनीची ती पहिली भिंत.

ओळंबा म्हणजे माझा थोरला भाऊ. पत्र्याच्या पट्ट्या उभ्या करून त्यावर जिप्समचे बोर्ड ठोकायच्या कामात बावीस वर्षं गेलेला. त्याची भिंत कधी सुतानं ढळली नाही म्हणून हे नाव पडलं. गेल्या वर्षी घोडीचा पाय सरकला आणि दादा उजव्या खांद्यावर आपटला. अकरा महिने झाले, त्याचा उजवा हात कानाच्या वर जात नाही. आधी चिडायचा, मग बोलेनासा झाला, मग नुसता खुर्चीत.

एक दिवस वहिनी म्हणाली, “मला शिकवा.”

“बोर्डाचं वजन माहितीये तुला?”

“बावीस वर्षं तुमचं वजन उचलतेय की.”

आणि दादा खरंच शिकवायला लागला. खुर्चीतूनच. मागच्या अंगणात अर्धा बोर्ड आणि चार पट्ट्या टाकल्या होत्या, तेवढ्यावर शाळा. यंत्रं मालकाची असतात, हत्यारं आपली पाहिजेत, हा त्याचा पहिला धडा. कटरनं बोर्डाच्या कागदावर एकच चीर द्यायची, गुडघ्यावर घेऊन काडकन मोडायचा, मागचा कागद नंतर. दोनदा चीर देणारा घाबरट, असं तो म्हणायचा. कात्रीनं पट्टी कापताना पातं पूर्ण मिटवायचं नाही, टोकाला पत्रा फाटतो आणि मग बोट. वहिनीच्या डाव्या अंगठ्यावर तो धडा अजून आहे. रंगाची दोरी ताणून जमिनीवर रेघ कशी उडवायची, काटकोन बघायचा गुण्या कुठं लावायचा, खडबडीत कडा कानशीनं किती घासायची, सगळं आलं. स्क्रू कागदात रुतला पाहिजे पण कागद फाटता कामा नये, हे जमायला तिला पंधरा दिवस लागले.

आणि पाणसळ, काचेच्या नळीतल्या बुडबुड्यानं सरळ-तिरकं दाखवणारी. तिचा धडा त्यानं हातात मोडकी फूटपट्टी धरून दिला, कारण त्याची स्वतःची पाणसळ कपाटावर फडक्यात गुंडाळलेली होती.

“परक्याची पाणसळ हातात आली की आधी तिला कूस बदलायला लावायची,” तो म्हणाला. “एका बाजूनं चौकटीला लाव, बुडबुडा कुठं आहे बघ. मग पाठ फिरव, दुसरी बाजू त्याच जागी लाव. बुडबुडा दोन्ही वेळा दोन रेघांच्या मधोमध, तर ती खरी. हलला, तर खोटी. पडलेली, आपटलेली पाणसळ दिसते धडधाकट, पण आतून गेलेली असते.”

कामावर जायच्या पहिल्या दिवशी वहिनीनं दादाचा पट्टा कमरेला बांधला. खिळ्यानं तीन नवी भोकं पाडावी लागली होती. मग स्टूल घेऊन कपाटावरचं फडकं काढलं, पाणसळ घेतली. दादानं तोंड उघडलं होतं. मी तिथंच चहा पीत होतो, मला स्पष्ट आठवतं. मग त्यानं ते मिटलं.

पहिले सोळा दिवस ती दुसऱ्यांच्या हाताखाली बोर्ड कापत होती. संध्याकाळी ती घरी आली की दादा विचारायचा, “पाणसळ वापरलीस?”

“अजून पाळी नाही आली.”

“बरं.”

मला वाटायचं, किती आस्था!

त्या शनिवारी घरी येऊन तिनं चप्पलसुद्धा काढली नाही. सरळ स्वयंपाकघराच्या चौकटीपाशी गेली. ही चौकट दादानं स्वतः बसवलेली, घरात जिच्या सरळपणाबद्दल शंकाच घेता येणार नाही अशी ती एकच वस्तू. तिनं पाणसळ लावली. बुडबुडा रेघेला खेटून. तिनं पाठ फिरवून दुसरी बाजू लावली. बुडबुडा उड्या मारत पलीकडच्या रेघेला जाऊन चिकटला.

तिनं परत केलं. तेच. मला बोलावलं, मी केलं. तेच. ही दादाची पाणसळ होती हो! या घरात शपथ घ्यायची तर लोकांनी तिच्यावर हात ठेवला असता.

“भावजी,” वहिनी म्हणाली. “मी उलटून बघितलीच नाही. परक्याची बघायची म्हणाले होते. ही कुठं परक्याची?”

मग तिच्या काहीतरी लक्षात आलं. ती दादाच्या खुर्चीपुढे गेली.

“तुम्ही पडलात तेव्हा ही कुठं होती?”

दादा उजवा खांदा चोळू लागला.

“अहो, मी विचारतेय.”

“हातात,” दादा म्हणाला. “अंगाखाली आली.”

“म्हणजे त्या दिवसापासून खोटी आहे. तुम्हाला माहीत नव्हतं ना?”

मला वाटलं, आता तो म्हणेल, नव्हतं. मी मनातून त्याला म्हणत होतो, म्हण, नव्हतं म्हण. पण बावीस वर्षं सरळ भिंती उभ्या केलेला माणूस, त्याला तेवढंही जमलं नाही.

“खांद्याची पट्टी सुटल्यावर एकदा त्याच चौकटीला लावून बघितली होती,” तो म्हणाला. “मग फडक्यात बांधून वर ठेवली. मी कामातून गेलो, ती पण गेली. दोघंही गेलो हे कुणाला सांगत सुटू?”

“मला! मी घेऊन निघाले तेव्हा मला!”

“सांगणार होतो. पण पट्टा बांधून उभी होतीस. माझा पट्टा. वाटलं, मुकादम पहिल्याच दिवशी पकडेल. दोन दिवसांत परत येशील. घरी.”

वहिनी खाली बसली. जमिनीवरच. कुणी थोबाडीत मारल्यावर माणूस आधी गालाला हात लावून बघतो ना, खरंच लागलं का, तसा तिनं हात गालावर ठेवला होता. मी भावाकडे बघितलं आणि मला तो ओळखू येईना. हाताला धरून शिकवलं, अंगठा कापला तर फुंकर घातली, आणि रोज संध्याकाळी विचारत होता, वापरलीस का? ती आस्था नव्हती. तो वाट बघत होता.

त्या रात्री आमच्या घरात भांड्याला भांडंसुद्धा लागलं नाही.

रविवारी सकाळी वहिनी फक्त ओळंबा घेऊन निघाली. मी मागे. बरं इतकंच होतं की सांधे अजून भरले नव्हते, स्क्रू उघडे होते. वरच्या रांगेतले स्क्रू काढायचे, छताची पट्टी सोडवून मागे सरकवायची, परत आवळायची. पण वर सरकवणारा एक आणि खाली लंबकाशी टेप धरून सूत वाचणारा एक लागतो. मला सूत आणि दोरा यातला फरक कळत नाही. मी दोनदा चुकीचं वाचलं. तिसऱ्यांदा वहिनी घोडीवरून म्हणाली, “भावजी, तुम्ही चहा आणा.”

मी चहा घेऊन आलो तर दादा दारात उभा. अकरा महिन्यांत पहिल्यांदा कामाच्या जागी. दोन जिने चढून धापा टाकत होता. वहिनीनं वरून बघितलं. ‘या’ म्हटलं नाही, ‘जा’ही नाही. दादा भिंतीपाशी उकिडवा बसला आणि डाव्या हातानं टेप लावला.

“अजून अडीच सूत,” तो म्हणाला.

तिनं पट्टी सरकवली.

“अजून एक.”

सरकवली.

“बस. आली.”

वहिनी घोडीवरून खाली उतरली. त्याच्या हातातला टेप घेतला, स्वतः वाकली, वर मोजलं, खाली मोजलं. मग परत चढून एक स्क्रू आवळला. पुढच्या पट्टीला दादा म्हणाला, “आली.” ती परत उतरली, परत मोजलं. त्याचं प्रत्येक माप बरोबर होतं आणि प्रत्येक वेळी ती उतरली. भिंतभर उतरली. दुपारपर्यंत तिच्या पोटऱ्या थरथरत होत्या. दादा एकदाही म्हणाला नाही की बाई, विश्वास ठेव.

दाराची चौकट सर्वांत शेवटी. दादानं दार अर्धवट उघडं ठेवून हात काढला. दार जागचं हललं नाही. आम्ही तिघंही त्या दाराकडे बघत राहिलो.

सोमवारी मुकादम स्वतःची लांबलचक पिवळी पाणसळ घेऊन आला. भिंतीला लावली. बुडबुडा मधोमध.

“झाली की हो,” तो म्हणाला.

“कूस बदला तिची,” वहिनी म्हणाली.

“अहो, माझी आहे ही!”

“म्हणूनच.”

मुकादमानं डोळे मोठे केले, पण फिरवली. मधोमध. तो जाताजाता म्हणाला, “एक्स-रेची खोली बाकी आहे. उद्या रेघ मारून घ्या.”

संध्याकाळी वहिनी नवी पाणसळ विकत घेऊन आली. वेष्टन काढलं आणि दादापुढे धरली.

“चौकटीला लावून बघा. आणि खरं सांगा.”

दादा उठला. डाव्या हातानं लावली, बघितली, पाठ फिरवून परत लावली. बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, “खरी आहे.”

वहिनीनं ती त्याच्या हातातून घेतली, चौकटीला लावली आणि स्वतः कूस बदलून बघितली.