नाही म्हणण्याची सुट्टी

मंडळी, न्हावा शेवा बंदरावरून आत्ताच परतलोय. घरी जावंसं वाटेना, म्हणून पनवेलच्या सायबर कॅफेत बसून लिहितोय.

सकाळी एका ग्रीक जहाजावर कंटेनर बांधायला माझ्या मजुरांच्या टोळीत एक माणूस कमी होता. उरणचा धर्मा रात्रपाळी संपवून निघाला होता. त्याला थांबायला सांगितलं.

"नाय साहेब, आज नाय जमाचा. अंगात ताप हाय."

"मग उद्यापासून येऊच नकोस," मी म्हटलं. तो परत जहाजावर चढला.

दुपारी सह्या घ्यायला कप्तानाकडे गेलो. आज त्यांची राष्ट्रीय सुट्टी. केकचा तुकडा पुढे करत त्याने सांगितलं, एकोणीसशे चाळीस साली इटलीने धमकावलं होतं, आमची फौज आत येऊ द्या, नाहीतर लढाई. एवढासा ग्रीस नाही म्हणाला. त्या नकाराचा हा सण.

"ग्रेट," म्हणत मी केक खाल्ला.

खिडकीतून धर्मा दिसत होता. भर उन्हात कंटेनरला डोकं टेकून उभा. तरी मी त्याला घरी पाठवलं नाही.

पाळी संपल्यावर तोच माझ्याकडे आला. "साहेब, उद्या येऊ ना?"

मान खाली घालूनच मी "ये" म्हटलं. मंडळी, तुम्हाला शेवटचं 'नाही' कोण म्हणालं होतं? ऐकलंत त्याचं?