गालिच्यावरचं वर्कशॉप

आमच्या कॉलेजात वर्कशॉप होतं तेव्हा पोरं निदान हात काळे करून घरी जायची. मग संस्थाचालकांचे चिरंजीव परदेशातून शिकवण्याच्या नव्या पद्धती घेऊन आले आणि आमची साडेसाती सुरू झाली. लेथ भंगारात गेले. तिथं गालिचा आला, लोळायला फुगीर पोती आली, भिंतीवर डकवायला रंगीत चिटोरे आले. दारावर पाटी लागली, 'नवोन्मेष व उद्योजकता केंद्र'. धायरीच्या पुढं, जिथं धड इंजिनिअर घडत नव्हते, तिथं आता एकदम उद्योजक घडणार होते. मास्तरांनी म्हणे शिकवायचं नाही, नुसतं 'फॅसिलिटेट' करायचं. ज्यांना शिकवता येतच नव्हतं त्यांची चंगळ झाली.

शेवटच्या वर्षाला माझ्याकडे एक मुलगी होती. बिबवेवाडीत तिच्या वडिलांची पिठाची गिरणी. जात्याचे दगड गुळगुळीत झाले की त्यांना टाकी लावावी लागते, म्हणजे छिन्नीनं ठोकून पुन्हा खरखरीत करावे लागतात. उडालेल्या कपचीनं वडिलांचा एक डोळा गेला होता. दुसरा सांभाळा, असं डॉक्टरांनी बजावलेलं. पण गिरणी बंद ठेवून खायचं काय? म्हणून पोरीनं टाकी लावणारं यंत्र करायला घेतलं. लेथ उचलून नेण्याआधी धावपळ करून तिनं सगळे भाग कातून घेतले. वर्कशॉपमध्ये ते एकदा चालवलं तेव्हा मी स्वतः दगडावरून हात फिरवला. झकास काम होतं.

मग या केंद्राची प्रकल्पांची स्पर्धा आली. परीक्षक खराडीहून आलेले, दोघंही सॉफ्टवेअरवाले. यंत्र गालिच्यावर मांडलं आणि तेव्हा कळलं की एसी बसवताना थ्री-फेजची लाइनच काढून टाकलीय. उद्योजकता केंद्रात मोटर चालत नाही! मला हसावं की डोकं आपटावं कळेना. परीक्षकांना काहीच वाटलं नाही. त्यांनी तिला यंत्रामागची गोष्ट सांगायला लावली. तिनं वडिलांच्या डोळ्याबद्दल सांगितलं. 'इमोशनल कनेक्ट' फार छान आहे म्हणाले, आणि न चाललेल्या यंत्राला पहिलं बक्षीस देऊन मोकळे झाले.

चिरंजीवांनी तिथंच जाहीर केलं की हे यंत्र आता दर्शनी दालनात काचेच्या कपाटात राहील.

ती म्हणाली, "सर, बक्षीस नको मला. यंत्र घरी न्यायचंय."

कॉलेजात घडलं ते कॉलेजचं, असा नियम त्यांनी हसत हसत सांगितला. वर, उद्योजकानं वस्तूत जीव अडकवू नये, हा उपदेश फुकट. मी प्राचार्यांकडे जाऊन भांडलो. त्यांनी मला चहा पाजला आणि निवृत्ती जवळ आल्याची आठवण करून दिली. निर्लज्ज लोक!

दुसरं यंत्र करायचं तर लेथ कुठून आणायचा, आणि बाहेरून कातून घ्यायला पैसे कुठून? तिला खराडीत नोकरी लागली. पाहुणे आले की कपाटापुढं फोटो काढतात. यंत्रातली मोटर मात्र काढून आवारातल्या कारंज्याला लावलीय.

यंत्राची मापं घ्यायला पूर्वी जायचो, त्या त्यांच्या गिरणीवर गेल्या आठवड्यात मी पुन्हा गेलो. मधल्या काळात दगड वडीलच हातानं ठोकत राहिले होते. आता गिरणी बंद आहे. ते बाहेर खुर्चीवर बसले होते. मी नमस्कार केला तेव्हा त्यांनी मला आवाजावरून ओळखलं.

"सर ना? बसा," ते म्हणाले. "काय हो, यंत्र नीट ठेवलंय ना तिचं?"