हेमाक्काच्या खोलीत चाललेला माग

आमच्या ओट्यासमोर भाजीची टोपली घेऊन बसणाऱ्या गोजरबाईंच्या म्हणण्याप्रमाणे, आमच्या पुढच्या खोलीत भाड्याने राहणाऱ्या हेमावतीबाई, म्हणजे आमची हेमाक्का, माणसांना खुर्चीत बसवून डोक्याला करंट देतात. हे सांगताना गोजरबाई आधी इकडेतिकडे बघणार, पदर तोंडाशी नेणार आणि मेथी झटकत म्हणणार, "वायर हाय की खिडकीत. म्या बघितली."

वायर आहे, हे खरं. ती टेबलफॅनची आहे. शॉक बसतो हेही खरं, पण तो फक्त हेमाक्कालाच, फॅनचं बटण दाबताना. खुर्ची साधी वेताची. तिचा एक पाय आखूड, म्हणून खाली माझं सातवीचं भूगोलाचं पुस्तक. त्या खुर्चीत बसून माणसं बोलतात आणि हेमाक्का ऐकते, करंट तो एवढाच. दारावर 'मानसोपचार' अशी पाटी आहे. पोस्टमन ती वाचून हात जोडतो आणि पत्र आमच्याकडे टाकतो.

हेमाक्का अक्कलकोटच्या पुढची. घरात कानडी, बाहेर मराठी. ती माझ्याएवढी असताना तिच्या नागव्वा आत्याने जेवण टाकलं, बोलणं टाकलं, म्हणून तिला सोलापुरात एका डॉक्टरांकडे आणलं. डॉक्टरांना कानडी येईना, आत्याला मराठी, मग मधे उभी हेमाक्का. आत्या तोंड उघडायला तयार झाली ती भाचीकडे बघून, आणि एकदा सुरू झाली ती थांबेना. डॉक्टर घड्याळ बघत म्हणाले, "थोडक्यात सांग, बाळ." हेमाक्काला काही ते थोडक्यात करता येईना. बाहेर आल्यावर आत्याने स्वतःहून ताक मागितलं. औषध अजून दुकानातच होतं. हेमाक्का म्हणते, आपण काय व्हायचं ते तिला त्या ताकाच्या पेल्याने सांगितलं.

मग बी.ए.ला मानसशास्त्र, मग बंगळूरला शिक्षण. तिचे वडील नातेवाइकांना अजून सांगतात, "मुलगी डॉक्टर आहे, पण सुई टोचत नाही." निम्म्यांना वाटतं शिक्षण अर्धवट राहिलं, निम्म्यांना वाटतं डॉक्टर असावा तर असा.

मला कुणाचीही नक्कल येते, शाळेत हजेरीसुद्धा मी रोज वेगळ्याच आवाजात देते. हेमाक्काची मात्र जमत नाही, कारण करायला काही मिळतच नाही. ती "हं" म्हणते, मान जराशी कलते, आणि समोरचा माणूस पोटातलं सगळं सांगून मोकळा होतो. मी हे आईवर करून पाहिलं. आईने मला दळण आणायला पिटाळलं.

मार्गशीर्षात निंगव्वा नावाची एक बाई आपल्या नवऱ्याला, गुरप्पाला, घेऊन आली. गुरप्पा अक्कलकोट रोडच्या कारखान्यात चादरींच्या मागावर. एक दिवस मागात धागा घेऊन इकडून तिकडे पळणारा धोटा सुटला आणि त्याच्या कानाजवळून सूं करत भिंतीवर आदळला. लागलं काहीच नाही. पण त्यानंतर मागाची खटखट ऐकली की त्याचे हात कापायचे आणि पाय घराकडे वळायचे. मालक महादेवप्पांनी सांगितलं होतं, संक्रांतीची गड्ड्याची जत्रा उठेपर्यंत वाट बघतो, मग तुझा माग दुसऱ्याला. आणि गुरप्पाला दुसरं काम येत नव्हतं.

हेमाक्काने त्याला पुष्कळ दिवस नुसतं बोलू दिलं. मग मुठी सोडायला, खांदे सैल टाकायला, सावकाश श्वास घ्यायला शिकवलं. आणि एका संध्याकाळी मी अंगणात महापालिकेच्या नळाची नक्कल करत होते, तेव्हा तिने खिडकीतून विचारलं, "माग येतो का गं?"

येतो म्हणजे काय, सोलापुरात राहते मी.

गुरप्पाला विचारून तिने मला कोपऱ्यात बसवलं. कारखान्यात एकदम नेलं तर तो पळेल, म्हणून माग आधी माझ्या तोंडात चालायचा. पहिल्यांदा अगदी बारीक, चार गल्ल्या पलीकडे असल्यासारखा. गुरप्पाने बोट वर केलं की बंद. मुठी सुटल्या की परत सुरू. रोज माग एकेक घर जवळ यायचा. घसा बसला माझा, पण शेवटी खटाक-खट, खटाक-खट थेट त्याच्या खुर्चीशेजारी चालू लागला. तो बसून राहिला, पण चेहरा चुन्यासारखा पांढरा.

म्हणून मी म्हटलं, हा कारखान्याच्या दारातूनच परत येणार, लावा पैज. हेमाक्का म्हणाली, "आत जाईल. आणि गेला हे त्याला मागाहून कळेल." ती हरली तर अंगणात गोजरबाईंची नक्कल करणार, मी हरले तर एक दिवस फक्त स्वतःच्या आवाजात बोलणार, असं ठरलं. गुरप्पा चपला घालता घालता म्हणाला, "आक्का, माजं मत पोरीला."

जत्रा उठायच्या आदल्या दिवशी आम्ही कारखान्यावर गेलो. दारात येताच गुरप्पाने सवयीने बोट वर केलं. खरे माग कशाला थांबतात. तो उंबऱ्यावरच बसला. निंगव्वाने डोळ्यांना पदर लावला. हेमाक्का त्याच्या शेजारी बसली आणि म्हणाली, "भीती असू दे की. घाई कुणाला आहे?" मी मनात पैज जिंकून टाकली.

गुरप्पाच्या मागावर बदली म्हणून जोतीराम नावाचा नवखा उभा होता. त्याचा एक धागा तुटला आणि त्याला दिसलाच नाही. गुरप्पाला उंबऱ्यावरून दिसला. "ए जोत्या, धागा तुटला. डोळं कुटं ठिवलास?" त्या आवाजात जोतीरामला काय ऐकू येणार. चादर पुढे सरकत होती, तिच्यात रेघ पडत होती. गुरप्पा शिव्या देत उठला, आत शिरला, त्याने दांडा ओढून माग बंद केला आणि धाग्याला गाठ मारली.

मग त्याला कळलं आपण कुठे उभे आहोत. हात कापायला लागले. त्याने आमच्याकडे पाहिलं. हेमाक्काने लांबूनच मूठ उघडून दाखवली. त्याने मुठी सोडल्या, श्वास घेतला आणि माग स्वतःच चालू केला. हात कापतच होते, पण माग चालत होता.

दुसऱ्या दिवशी शाळेत हजेरी झाली. माझं नाव आलं, पैजेप्रमाणे मी माझ्याच आवाजात "हजर" म्हटलं. बाईंनी चष्मा वर केला, वर्गभर नजर फिरवली आणि विचारलं, "ही नवीन मुलगी कोण?"